पुढच्या पंधरा वर्षांची आखणी: आधी हॉल बांधायचा की आधी माणूस नेमायचा?

नगरची_लेक (मध्य न्यू जर्सी)

जय ख्रिस्त मंडळी,

प्रश्न लांब आहे, चहा घेऊनच बसा.

मी मूळची नगरची, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेली. आता मध्य न्यू जर्सीतल्या एका उपनगरात आम्ही एपिस्कोपल (अमेरिकेतलं अँग्लिकन) चर्चच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत जातो. जानेवारीतल्या वार्षिक सभेत मला व्हेस्ट्रीवर निवडून दिलं. इथल्या पद्धती ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: व्हेस्ट्री म्हणजे आपली पास्टरेट कमिटी, पण अधिकार जास्त. इमारत, पैसा आणि वेळ आली की नवा रेक्टर (मुख्य पाळक) शोधणं, सगळं तिच्याकडे. मी पेशानं अकाउंटंट. खजिनदार करतील म्हणून धास्तावले होते, तर पहिल्याच बैठकीत दीर्घकालीन नियोजन समिती माझ्या गळ्यात मारली. तुला आकडे कळतात, म्हणे.

आमचं चर्च १९५० च्या दशकातलं, युद्धानंतर इथे घरांच्या वसाहती भराभर उठल्या तेव्हाचं. लाल दरवाजा, उतरतं छप्पर आणि मागे शब्बाथशाळेसाठी वर्गांची लांबच लांब ओळ. त्या काळी पोरंच तेवढी होती. आज त्यातले बहुतेक वर्ग एका नर्सरी शाळेला भाड्यानं दिलेत आणि त्या भाड्यातून बॉयलरची दुरुस्ती निघते. बरीच वर्षं मंडळी रोडावत चालली होती. अलीकडे मात्र हायवेलगत नवे अपार्टमेंट झाले आणि तिथून तरुण कुटुंबं यायला लागली: कोरियन, केरळचे सीएसआयवाले (चर्च ऑफ साउथ इंडिया), एक नायजेरियन घर (तिकडचे अँग्लिकन, आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गातात), शिवाय कॅथलिक चर्च सोडून आलेले काही इथलेच.

सकाळी ८ ला जुन्या इंग्रजीतली, बिनगाण्याची उपासना. पंधराएक म्हातारी माणसं, प्रत्येकाचा बाक ठरलेला. १० ला गाण्यांसह, नव्वद-पंच्याण्णव. कागदोपत्री १३० जण बसतात, पण ते माप १९५० च्या अंगकाठीचं आहे.

खरी गंमत दहाची उपासना सुटल्यावर. तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी असते. कॉफीचं भांडं एक, संडास एक, दोन्हींसमोर रांग, आणि त्या दोन रांगा मधे कुठेतरी एकमेकींत मिसळतात. नर्सरीच्या बुटक्या खुर्च्यांवर सहा फुटी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. मध्यंतरी एक नवीन जोडपं बाळाला घेऊन जिन्यातच थांबलं, खाली डोकावलं आणि परत फिरलं. मी वर पोहोचेपर्यंत त्यांची गाडी रस्त्याला लागली होती.

यावर आमच्यातल्या एका आर्किटेक्ट गृहस्थांनी नवीन पॅरिश हॉलचं चित्र काढून आणलंय. काचेची भिंत, मोठं स्वयंपाकघर, लिफ्ट. अंदाज वीस लाख डॉलरच्या वर. आमचे वर्षाचे प्लेज (सभासदांनी द्यायचं वचन दिलेली रक्कम) आहेत अडीच लाखांच्या आसपास. चित्र इतकं देखणं आहे की सिनिअर वॉर्डन (व्हेस्ट्रीतले प्रमुख) त्याच्या प्रेमातच पडलेत. मला विचाराल तर घोडं कुठे अडलंय हे अजून कुणी नीट पाहिलेलंच नाही. रेक्टर एकट्या आहेत, वय ६८. आजारी माणसांच्या भेटी, बाप्तिस्म्याची तयारी, बजेट, नर्सरीशी भांडण, सगळं त्याच करतात. नवीन कुटुंबाला रेक्टरचा फोन जायला तीन-तीन आठवडे लागतात.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? काय मोजायचं, कोणत्या क्रमानं जायचं?

---

पंचहौद_ते_बॉस्टन

ताई, जय ख्रिस्त. मी पुण्याच्या पंचहौद मिशनच्या आवारात वाढलो. बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या पॅरिशमध्ये आधी ज्युनिअर आणि मग सिनिअर वॉर्डन होतो, म्हणजे आधी गळक्या छपराचा धनी, मग माणसांच्या भांडणांचा. म्हातारपणामुळे सविस्तर लिहितो, सहन करा.

पहिली गोष्ट, तुमचं घोडं कुठे अडलंय ते तुम्हीच लिहून ठेवलंय. आर्लिन रोथॉज नावाच्या एपिस्कोपल अभ्यासकानं १९८० च्या दशकात मंडळ्यांचे आकारानुसार चार प्रकार पाडले. रविवारची सरासरी उपस्थिती ५० पर्यंत असेल तर ते एक घर, दोन-तीन जुनी कुटुंबं ते चालवतात. ५० ते १५० म्हणजे पास्टोरल: सगळं पाळकाभोवती फिरतं, प्रत्येकाला वाटतं रेक्टरनं मला नावानं ओळखावं. १५० ते ३५० ला प्रोग्रॅम चर्च: तिथे माणसं गटांमधून, कामांमधून जोडली जातात, आणि रेक्टर ही कामं करणाऱ्यांना तयार करतो. त्यावर कॉर्पोरेशन. तुम्ही दोन्ही उपासना धरून ११० च्या आसपास आहात. एकट्या पाळकाची ताकद साधारण इथेच संपायला लागते. या टप्प्यावरची मंडळी वाढते, मग थकते, मग परत खाली येते, आणि लोक म्हणतात जागा अपुरी पडली. आमच्याकडे हेच दोनदा झालं, आणि दुसऱ्या वेळी तर नवा हॉल बांधून तयार होता. हॉल सुरेख होता. त्यात बसायला माणसं जुनीच.

आता मोजणी. पॅरोकियल रिपोर्ट (मंडळीचा वार्षिक अहवाल) दरवर्षी १ मार्चपर्यंत भरावा लागतो, तेव्हा जुने आकडे तुमच्या ऑफिसात असणारच. दहा वर्षांचे काढा, पण सरासरीवर विसंबू नका. ईस्टर रविवारीच येतो म्हणून तो सरासरीत बसतो आणि तिला फुगवतो. नाताळची आदली रात्र शनिवार-रविवारी पडली तरच मोजली जाते. ऑक्टोबरचे रविवार आणि लेंटचे (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे) रविवार वेगळे काढून बघा, तिथे खरा आकडा सापडतो. ८ आणि १० वेगवेगळे धरा. बाक ८० टक्के भरले की नवख्याला चर्च भरलेलं वाटतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. १३० ला तो १०४ येतो. नव्वद-पंच्याण्णव म्हणजे तुम्ही दारात पोहोचलाय, पण अजून आत दहा जण मावतात. त्यामुळे उपासनेची जागा ही आजची निकड नव्हे. जिन्यावरून परत गेलेलं जोडपं ही निकड.

पैशाचं तुम्हाला मी काय सांगणार! तरी एक हिशोब. कॅपिटल कॅम्पेनमध्ये (बांधकामासारख्या मोठ्या खर्चासाठीच्या निधी मोहिमेत) साधारणपणे वर्षाच्या प्लेजच्या दुप्पट-तिप्पट रक्कम उभी राहते, तीही तीन वर्षांत फेडायच्या वचनांनी. अडीच लाखांवर तुमची उडी पाच ते साडेसात लाख. वीस लाखांचं चित्र काढणाऱ्या गृहस्थांना हे चारचौघांत नको, एकट्याला गाठून सांगा. आणि कॅम्पेनआधी बाहेरच्या माणसाकडून चाचपणी करून घ्या. एपिस्कोपल चर्च फाउंडेशन, १९४९ ची संस्था, हे काम करते. लोक व्हेस्ट्रीला जे सांगत नाहीत ते परक्या माणसाला सांगतात. आमच्याकडे चाचपणीत निघालं की सर्वांत मोठा देणगीदार नव्या हॉलवर नाखूश होता. त्याला ऑर्गन हवा होता.

कर्ज काढायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, चर्चची जागा गहाण टाकायला बिशप आणि डायोसिसच्या (बिशपच्या प्रांताच्या) स्टँडिंग कमिटीची संमती लागते. १९७९ च्या डेनिस कॅनन या चर्चच्या नियमापासून तर लेखीच आहे की पॅरिशची मालमत्ता डायोसिस आणि एकूण चर्चच्या वतीनं विश्वस्त म्हणून सांभाळलेली आहे. म्हणून डायोसिसच्या ऑफिसला शेवटी नव्हे, सुरुवातीलाच फोन करा. १८८० पासूनचा एपिस्कोपल चर्च बिल्डिंग फंड आहे, ती मंडळी बांधायच्या आधी "खरंच बांधायचंय का" हे विचारतात, म्हणून मला आवडतात.

आणि सगळ्यांत मोठं, जे तुम्ही एका शब्दात उरकलंत: वय ६८. आपल्या पाळकांना ७२ ला निवृत्त व्हावंच लागतं. तुमची आखणी पंधरा वर्षांची आणि रेक्टर जास्तीत जास्त चार. नव्या रेक्टरच्या शोधात वर्ष-दीड वर्ष सहज जातं, मधे इंटेरिम (हंगामी पाळक) येतो, तेवढ्या काळात प्लेज घसरतात. ऐन तेव्हा कॅम्पेनची वचनं फेडायची असतील तर खजिनदाराची झोप गेली समजा. मी तुमच्या जागी असतो तर आराखडा असा बनवला असता की नवीन येणाऱ्या रेक्टरला तो वाचून यावंसं वाटेल आणि त्यात बदलही करता येईल. चार वर्षांत तळघर, संडास, जिना, आणि माणूस. काचेची भिंत पुढच्या रेक्टरसाठी ठेवा.

---

नगरची_लेक

काका, साष्टांग. प्रिंट काढून सिनिअर वॉर्डनच्या हातात देणार आहे, तुमचं हँडल खोडून.

"माणूस" म्हणजे कोण पण? पूर्णवेळ दुसरा पाळक आम्हाला परवडत नाही. पगार, घरभत्ता, त्या दोन्हींवर पेन्शन फंडाचे १८ टक्के, वर आरोग्यविमा. मी एक्सेल मांडून बघितलं आणि फाइल बंद केली.

---

पंचहौद_ते_बॉस्टन

पाळक नकोच लगेच. तुमच्या रेक्टरांचा आठवडा जातो कुठे ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या, दोन-तीन आठवड्यांचं पुरे. आमच्या रेक्टरचा जवळजवळ दीड दिवस भाडेकरू, चाव्या आणि प्लंबर यांत जायचा. अर्धवेळ पॅरिश अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमला आणि तो दीड दिवस मोकळा झाला. घरी अंथरुणाला खिळलेल्यांना प्रभुभोजन नेऊन द्यायला बिशपच्या परवान्यानं सामान्य सभासद चालतात, युकेरिस्टिक व्हिजिटर म्हणतात त्यांना. रविवारी वेदीवरून थेट निघायचं, भेटीला बसायचं, चार शब्द बोलायचं. तुमच्या ८ वाजताच्या म्हाताऱ्यांत अशी दोन माणसं नक्की आहेत, कुणी विचारलेलं नाही एवढंच. डायोसिसकडे डीकन (पाळकाला मदत करणारा दीक्षित सेवक) मागून पाहा, ते बहुधा बिनपगारी असतात. यानंतरही घडी बसली नाही तर नुकताच दीक्षित झालेला क्युरेट (सहायक पाळक), दोन-तीन वर्षांसाठी, डायोसिसची मदत मिळाली तर.

एक मात्र बजावतो. भेटीला रेक्टरऐवजी दुसरं कुणी आलं की जुनी माणसं रुसतात. "मला पाळक भेटलेच नाहीत" हे वाक्य तुम्हाला कॉफीच्या रांगेत ऐकावं लागणार. वाढायचं ठरवलंत तर ही किंमत आहे, आणि ती व्हेस्ट्रीनं आधीच मोठ्यानं बोलून घ्यावी, रेक्टरच्या डोक्यावर फोडू नये.

---

डॅलसचा_जोशुआ

सगळे हॉलवर बोलताय म्हणून जरा पाणी ओततो. २०१९ ला संपूर्ण एपिस्कोपल चर्चची रविवारची सरासरी उपस्थिती सुमारे ५ लाख ४७ हजार होती, २०२३ ला सुमारे ४ लाख ११ हजार. १९६० च्या दशकात सभासद ३४ लाखांच्या घरात होते, आता निम्म्याहूनही कमी. तुमच्याकडे चार अपार्टमेंट झाले म्हणून पंधरा वर्षांची वाढ धरणं म्हणजे पहिल्या पावसात धरणाची सांडवाभिंत उंचावणं. आखणी घटीची करा. वाढ झाली तर देवाची कृपा.

---

नगरची_लेक

जोशुआ, आकडे मान्य. पण देशाची सरासरी आमच्या चौकात राहत नाही. आमच्या तीन मैलांत दोन एपिस्कोपल पॅरिश आहेत, एक मिटत चाललीय, आम्ही वाढतोय, डायोसिस तेच, बिशप तेच. फरक एवढाच की आमच्या रस्त्यावर नवी वस्ती आली. त्या वस्तीतलं कोण येईल, कोण टिकेल, हा माझा प्रश्न. घटीची आखणी आम्ही आधीची वीस वर्षं करतच होतो, त्या नादात शब्बाथशाळेचे वर्ग भाड्यानं गेले आणि आता पोरं आली तर त्यांना बसवायला जागा नाही! नर्सरीचा करार दोन वर्षांनी संपतोय. त्यातले दोन वर्ग परत घ्यायचे की भाडं सोडायचं नाही, यावर व्हेस्ट्रीत खरी मारामारी होणार आहे, काचेच्या भिंतीवर नव्हे.

---

साइटप्लॅनवाला (ट्रेंटनजवळ)

मी सिव्हिल इंजिनिअर, टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डांपुढे उभं राहण्याचं काम करतो. धर्माचं तुमचं तुम्ही बघा, जमिनीचं मी सांगतो.

१. टाउनशिपच्या वेबसाइटवरून हाउसिंग प्लॅन उतरवून घ्या. आपल्या राज्यात १९७५ च्या माउंट लॉरेल निकालापासून प्रत्येक गावाला परवडणाऱ्या घरांचा वाटा उचलावा लागतो. मार्च २०२४ मध्ये नवीन कायदा झाला, त्याची चौथी फेरी २०२५ ते २०३५ चालणार, आणि सहभागी गावांना ३० जून २०२५ पर्यंत आराखडे द्यायचे होते. म्हणजे पुढच्या दहा वर्षांत तुमच्या गावात कोणत्या प्लॉटवर किती घरं यायची आहेत ते छापील पडलंय. कोणत्याही चर्च-सल्लागाराला पैसे देण्याआधी हा फुकटचा कागद वाचा.

२. पार्किंग. उपनगरात चर्चला साधारण दोन-अडीच माणसांमागे एक गाडी धरतात. नव्वद-पंच्याण्णव माणसं म्हणजे चाळीसेक गाड्या, त्यात आठवाले कॉफीला रेंगाळले तर आणखी. तुमच्याकडे आखलेल्या जागा किती?

३. डांबर आणि छप्पर दोन्ही पाणी मुरू देत नाहीत, त्यांची टक्केवारी झोनिंगमध्ये (जमीनवापराच्या नियमांत) ठरलेली असते. हॉल मोठा केलात तर पार्किंग वाढवायला टक्के उरत नाहीत, पार्किंग वाढवलंत तर हॉलला. वर पावसाच्या पाण्याचे नियम. आर्किटेक्टच्या चित्रात गवत हिरवं दिसतं, त्या गवतावर कदाचित पाण्याचा खड्डा येणार आहे.

४. २००० चा संघराज्याचा कायदा आहे, धर्मसंस्थांवर झोनिंगचा अवाजवी बोजा टाकू नये म्हणून. वकील लगेच त्याचं नाव काढतील. नका काढू. शेजाऱ्यांना आधी घरी बोलावून चहा पाजा, सुनावणीला निम्मे कमी येतील.

५. एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याच्या सार्वजनिक जागांच्या भागातून धर्मसंस्थांना सूट आहे, पण नवीन बांधकामाला बिल्डिंग कोड लागू होतोच. लिफ्ट, रॅम्प, संडास त्यातून सुटणार नाहीत. आणि सुटले तरी तुमच्या आठच्या मंडळींना जिना उतरवतो का?

६. नर्सरी नफा कमावणारी असेल तर भाड्याच्या भागाची करसवलत तपासून घ्या.

---

उपासक_पुणे

ताई, बाहेरून विचारतो. तुमच्या भागात एवढे भारतीय आहेत. मराठी उपासना सुरू केलीत तर मंडळी आपोआप वाढेल ना? दुपारी चर्च रिकामंच असणार.

---

नगरची_लेक

दादा, भावना पोचली. पण आमच्या काउंटीत मराठी ख्रिस्ती घरं माझ्या माहितीत हाताच्या बोटांवर. त्यातली निम्मी एडिसनकडे भारतीय पेंटेकोस्टल मंडळीत जातात आणि तिथे ती सुखी आहेत. पाहुण्यांसारखी वर्षातून एकदा मराठी भजनं आम्ही म्हणतो, पुष्कळ झालं. मला मराठी कप्पा नकोय. दहाच्या उपासनेत कोरियन आजीच्या शेजारी माझा मुलगा बसतो, तेच बरं आहे.

तुमच्या प्रश्नात एक कामाची गोष्ट मात्र आहे. इथे आलेल्या सीएनआय-सीएसआयवाल्यांना एपिस्कोपल चर्च आपलंच आहे हे ठाऊकच नसतं. १९७० ला नागपूरला सीएनआय झाली त्यात अँग्लिकन होतेच, शिवाय आम्हा नगरकरांसारखे अमेरिकन मराठी मिशनचे काँग्रिगेशनलवालेही आत आले. सीएनआय आज अँग्लिकन कम्युनियनमध्ये आहे. गावच्या पाळकांचं बदलीपत्र आणलं की इथे नोंद होते. मला स्वतःला हे रेक्टरनं सांगितलं, तोवर आम्ही दोन वर्षं मागच्या बाकावर पाहुणे म्हणूनच बसत होतो. वेबसाइटवर सीएनआय, सीएसआय, मार थोमा, कोरियातलं आणि नायजेरियातलं अँग्लिकन चर्च यांची नावं घालून एक ओळ लिहायची, हे समितीच्या कागदावर लिहून घेतलं. खर्च शून्य, हॉलआधी होण्यासारखं.

इंजिनिअर दादा, आखलेल्या जागा ३४, त्यातल्या दोन अपंगांसाठी. बाकीच्या गाड्या रोडोडेंड्रॉनशेजारी गवतावर. हाउसिंग प्लॅन काल रात्री उतरवून वाचला. आमच्या मागच्या जुन्या ऑफिस पार्कवर अपार्टमेंट दाखवलेत. चालत यायच्या अंतरावर! चालत येणाऱ्याला गाडीची जागा लागत नाही, पण आमच्या कुंपणाला त्या बाजूनं फाटकच नाही.

व्हेस्ट्रीपुढे मी असं मांडणार आहे: चित्र बाजूला, या वर्षी अर्धवेळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची ओळ बजेटमध्ये, नर्सरीकडून दोन वर्ग परत मागायचे, तळघरात दुसरा संडास, आणि फाटक. चाचपणी नवा रेक्टर आल्यावर. काका, यात काही राहिलं का?

---

पंचहौद_ते_बॉस्टन

कॉफीचं दुसरं भांडं. ते व्हेस्ट्रीला विचारू नका, विकत आणा आणि ठेवा. ठराव मांडलात तर एक बैठक भांड्यावर जाईल.

आणि आर्किटेक्ट गृहस्थांना फाटक काढायला सांगा. त्यांना काहीतरी काढायला हवं आहे, नाहीतर ते काचेच्या भिंतीकडे परत वळतील.

---

साइटप्लॅनवाला (ट्रेंटनजवळ)

फाटकाचं उत्तम. त्या बाजूला युटिलिटीचा ईझमेंट (वीज-पाण्याच्या लाइनींसाठी जमीन वापरण्याचा हक्क) आहे का ते जमिनीच्या जुन्या सर्व्हेवर बघून घ्या, वॉर्डनच्या कपाटात असेल.

आणि गवतावरच्या गाड्या मोजा, पण त्यांचे फोटो प्लॅनिंग बोर्डाच्या फाइलला लावू नका. गवतावर पार्किंगला बऱ्याच टाउनशिपमध्ये मनाई असते.